पावसाच्या नोंदी: गोळा करणाऱ्याचा हक्क किती, लोकांचा किती?

निपाणीकर: बेळगावकडच्या खानापूर ते निपाणी पट्ट्यात पर्जन्यमापक बसवायचे, रोज सकाळी साडेआठला मोजायचं, आकडे तपासायचे, याला पैसा आणि माणसं लागतात. युरोपने 1996 साली अशा संग्रहांना कॉपीराइटपलीकडचं 15 वर्षांचं संरक्षण दिलं. आपल्याकडे ईस्टर्न बुक कंपनीच्या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कॉपीराइटसाठी नुसती मेहनत पुरेशी धरली नाही. मग मापकावर खर्च करायचा कुणी?

कणकुंबीकर: अहो, कुलूप आहेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 वाचा: परवानगीशिवाय डेटाबेस उतरवून घेतला तर भरपाई द्यावी लागते. युरोपात संग्रहात मोठी नवी गुंतवणूक झाली की मुदत नव्याने सुरू होते. पावसाच्या नोंदीत तर रोज भर पडते, मग ती संपणार कधी? कणकुंबीचा पाऊस मलप्रभेतून नविलुतीर्थाच्या धरणात जातो. तो आकडा धरणाखालच्या रामदुर्गच्या शेतकऱ्याने विकत का घ्यावा?

निपाणीकर: कलम 43 उतरवून घेणाऱ्यावर चालतं. रीतसर फाइल घेतलेल्याने ती तिसऱ्याला दिली तर? करार सही करणाऱ्यालाच बांधतो, तिसऱ्याला नाही. ही फट खरी आहे.

टिळकवाडीकर: फट आहे, पण तिच्यासाठी आकडेच कोंडू नका. कच्च्या नोंदी खुल्या ठेवा, तपासून जुळवलेला संच आणि नकाशे यांचे पैसे घ्या. मात्र खुल्या म्हणजे नीट खुल्या. नोंद नसेल तिथे जागा रिकामी सोडा, 0 टाकू नका. जुलैतले दहा दिवस शून्य धरले तर महिन्याची बेरीज कोसळते आणि खोट वापरणाऱ्याला कळतही नाही. साडेआठचं माप मागच्या 24 तासांचं असतं, हे प्रत्येक फाइलवर लिहा, नाहीतर नदीच्या पातळीशी जुळवताना एक दिवस सरकतो. भीमगड अभयारण्यातल्या दुर्मिळ वटवाघळांच्या नव्या जागांचं मात्र उलट: अक्षांश-रेखांश 0.1 अंशापर्यंतच द्या, म्हणजे साधारण 11 किलोमीटरचा चौकोन. तिथे गुप्तता हवीच.

निपाणीकर: सरकारी पैशाने मोजलेलं खुलं, मान्य. खासगी मापकांना निदान वर्षभर रोखण्याची मुभा द्या.

कणकुंबीकर: अभ्यासाच्या संचाला वर्ष चालेल. चालू पावसाच्या आकड्याला एक तासही नको. धरणाचे दरवाजे उघडायचे तर तो त्याच दिवशी लागतो.