मसल : मांसल नव्हे, उंदीर

कुणीतरी लिहिलंय की इंग्रजीतला 'मसल' (स्नायू) आपल्या 'मांसल'वरून आला. ऐकायला झकास आहे, पण तसं नाही. मूळ लॅटिन शब्द 'मुस्कुलुस', म्हणजे छोटा उंदीर. 'मुस' म्हणजे उंदीर. तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. स्पेलिंगमधला सी 'मसल' म्हणताना गिळतो, 'मस्क्युलर' म्हणताना तो परत डोकं वर काढतो.

उंदीर का? बाही वर करा, कोपर दुमडा, मूठ आवळा. दंडावर जे टरारून वर येतं आणि हात सरळ केला की सरकन कातडीखाली पळतं, ते बघा. ग्रीकमध्येही 'म्यूस' म्हणजे उंदीर आणि स्नायू दोन्ही. हृदयाच्या स्नायूला डॉक्टर 'मायोकार्डियम' म्हणतात, त्यातला 'मायो' हाच.

आपल्याला मात्र तिथे बेडूक दिसला! शाळेत पोरं 'बेटकुळी काढून दाखव' म्हणायची, ती बेटकुळी बेडकाच्याच कुळातली. माझी कधी धड निघाली नाही, असो.

म्हणजे संस्कृतशी नातं आहेच, फक्त मांसाशी नाही, मूषकाशी आहे. लॅटिन 'मुस', इंग्रजी 'माउस', संस्कृत 'मूष' ही सख्खी भावंडं.

आणि गोव्यात ज्यांना शिनाण्या म्हणतात त्या शिंपल्यांचं इंग्रजी नाव 'मसल', तेही याच 'मुस्कुलुस'वरून. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. निवडणुकीतल्या 'मसल पॉवर'मध्येही शेवटी उंदीरच निघाला म्हणायचा.