मदत हवी आहे: थंडीत इंजिन ऑइलची पातळी वाढतेय, डिपस्टिकला पेट्रोलचा वास

विनिपेगकर

गाडी २०१९ ची, १.५ लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, ८८,००० किमी. ऑइल ०डब्ल्यू-२० (आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम असतानाचा जाडपणा), फिल्टरसकट ३.५ लिटर बसतं. ऑक्टोबरअखेर बदललं तेव्हा पातळी बरोबर वरच्या खुणेवर होती. आता जानेवारीच्या मध्यात ती त्या खुणेच्याही वर गेलीय; दोन खुणांमधल्या अंतराच्या साधारण निम्म्याएवढी. ऑइल बोटाला पातळ लागतं, पेट्रोलचा वास स्पष्ट येतो. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून लोण्यासारखा पिवळट थर आहे.

वापर: घर ते ऑफिस ४ किमी, जाऊन-येऊन. इथे कॅनडात बाहेर उणे २० ते उणे ३० अंश. निघण्याआधी रिमोट स्टार्टने १५-२० मिनिटं इंजिन चालू ठेवतो. शनिवार-रविवारी कधीतरी हायवे, पण तिथेही हीटरची हवा कोमटच येते. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही.

सर्व्हिस सेंटर म्हणतं, थंडीत असं होतंच, जास्तीचं ऑइल उपसून देतो. तेवढं करून चालेल का? ५डब्ल्यू-३० टाकून बघू का? आणि हा नुसता थंडीचा परिणाम आहे की काही बिघडलंय, हे कसं ओळखायचं?

वंगणवेडा

नुसतं उपसून काहीही साधणार नाही. पेट्रोल वर वेगळं तरंगत नसतं, ते सगळ्या ऑइलमध्ये मिसळलेलं असतं. अर्धा लिटर काढलंत तर अर्धा लिटर मिश्रण जाईल, उरलेल्यात पेट्रोलचं प्रमाण तेवढंच राहील. वर डिपस्टिक मात्र ‘सगळं ठीक’ दाखवेल, म्हणून हा उपाय मला जास्तच धोक्याचा वाटतो.

हिशोब करून बघा. बहुतेक छोट्या इंजिनांत दोन खुणांमध्ये ०.८ ते १ लिटर मावतं. पातळी निम्म्याने चढली म्हणजे ०.४ ते ०.५ लिटर जादा, म्हणजे सुमारे १० ते १२ टक्के. यात थोडं पाणीही असेल. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बरंचसं सायलेन्सरमधून जातं, पण इंजिन थंड असेल तर काही वाफेचं आतच पाणी होतं. झाकणाखालचा थर त्याचाच. उलट, इंजिन थोडं ऑइल खात असेल तर पेट्रोल या आकड्याहून जास्त निघेल. साधारणपणे २ टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही, ५ च्या वर गेलं की ऑइल बदलायचं. तुमचं लगेच बदलायला झालंय.

०डब्ल्यू-२० ची १०० अंशांना चिकटपणाची मर्यादा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (चिकटपणाचं एकक). एवढ्या पेट्रोलने ती ६.९ च्या खाली गेलेली असणार. झीज सुरू होते ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत, टर्बोच्या शाफ्टवर आणि टायमिंग चेनमध्ये. चेन सैल पडली की आवाज फार उशिरा येतो.

गॅरेजकट्टा

कारण थोडक्यात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असताना ईसीयू (इंजिनाचा संगणक) मिश्रण दाट, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवतो, आणि गार भिंतीवर बसलेल्या पेट्रोलची वाफ होत नाही. ते ऑइलचा थर धुऊन पिस्टनच्या रिंगांमधून खाली संपमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, उतरतं. ऑइल ९०-१०० अंशांना पुरेसा वेळ राहिलं तर बरंचसं पेट्रोल उडून पीसीव्ही व्हॉल्व्हवाटे (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी झडप) परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गात, जातं आणि जळतं. तुमचं ऑइल तिथवर पोचतच नाही. कूलंट गरम झालं तरी ऑइल बराच वेळ मागे असतं.

त्यात रिमोट स्टार्ट. न्यूट्रलवर इंजिनावर भार नसतो, उष्णता जेमतेम तयार होते, आणि दाट मिश्रणाची वेळ लांबते. वीस मिनिटं चालू ठेवणं हे काळजी घेणं वाटतं, पण पेट्रोल ऑइलमध्ये उतरवायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. अर्धा-एक मिनिट थांबा, निघा, पहिली काही मिनिटं २,५०० आरपीएमच्या आत चालवा.

२०१८ मध्ये चीनच्या थंड भागांतून हीच तक्रार आली तेव्हा होंडाला १.५ टर्बो सीआर-व्हीची तिथली विक्री थांबवावी लागली होती. उपायांत इंजिन लवकर तापवणारं सॉफ्टवेअर होतं. तुमच्या मॉडेलला ईसीयूचं अपडेट आलंय का, हे चॅसी नंबर देऊन विचारा.

पण मला खटकतंय ते तुमचं एकच वाक्य: हायवेवरही हीटर कोमट. ४ किमीत हीटर थंड असणं समजू शकतो, हायवेवर नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकलाय का बघा. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं उपकरण) लावा आणि हायवेवर २०-२५ मिनिटांनी कूलंटचं तापमान बघा. ८५-९० च्या आसपास स्थिर हवं. धावताना उतरतंय आणि सिग्नलला चढतंय असं दिसलं तर थर्मोस्टॅटच. त्याच वेळी लाँग टर्म फ्युएल ट्रिमही (ईसीयू पेट्रोल नेहमीपेक्षा किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) टिपा. ऑइलमधलं पेट्रोल उडून इनटेकमध्ये आलं की ईसीयू इंजेक्शन कमी करतो आणि ट्रिम उणे १० च्या आसपास किंवा खाली जातो.

वंगणवेडा

५डब्ल्यू-३० बद्दल राहिलं. विनिपेगमध्ये नको. ५डब्ल्यूची क्रँकिंगची, म्हणजे गार इंजिन स्टार्टरने फिरण्याची, चाचणी उणे ३० ला होते, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. मॅन्युअल परवानगी देत असेल तर ०डब्ल्यू-३० घ्या. गरम असताना तेवढंच जाड, थंडीत ०डब्ल्यूसारखं वाहतं. डब्यावर एपीआय एसपी ही दर्जाची श्रेणी किंवा त्यापुढची हवी. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये कमी वेगाला अवेळी पेट घेण्याचा त्रास आणि चेनची झीज या दोन्हींच्या चाचण्या तिच्यात आहेत. तरीही जाड ऑइल हा उपाय नव्हे, थोडी जास्त सवलत एवढंच.

पुणेरी डिझेल

जरा अवांतर, पण इकडच्या बीएस-६ डिझेलवाल्यांनी डिपस्टिक बघावी. इथे थंडीचा संबंध नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करताना, म्हणजे रीजनरेशनला, बऱ्याच गाड्या उशिरा जादा डिझेल फवारतात. त्यातलं काही भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. शहरात रीजनरेशन मध्येच तुटलं की ते पुन्हा पुन्हा सुरू होतं आणि पातळी चढते. डिझेल पेट्रोलसारखं सहज उडत नाही, त्यामुळे एक्सप्रेसवेच्या फेरीने फिल्टर साफ होईल, ऑइल नाही. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली की बदलणं एवढाच मार्ग.

विनिपेगकर

डोंगल लावला. बाहेर उणे २२. हायवेवर २५ मिनिटांनी कूलंट ६८ अंश. उतरून सिग्नलला थांबलो तेव्हा ७९, पुन्हा वेग घेतल्यावर खाली. लाँग टर्म ट्रिम उणे ११. कोड मात्र एकही नाही.

गॅरेजकट्टा

थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. पी०१२८ (कूलंट पुरेसं तापत नसल्याचा कोड) न येण्याचं कारण, बाहेर फार थंडी असली की बऱ्याच गाड्यांत ही तपासणी होतच नाही.

आधी थर्मोस्टॅट, मग त्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर. उलट केलंत तर नव्या ऑइलचंही हेच होईल. सोबत थर्मोस्टॅटची नवी ओ-रिंग (रबरी सील) घ्या. काम इंजिन पूर्ण थंड असताना. कूलंट कंपनीने सांगितलेलंच. अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत हवा काढा. आत हवा राहिली तर हीटर पुन्हा थंड, आणि नवा थर्मोस्टॅट खराब निघाला असं वाटेल. ऑइल मात्र गरम असतानाच सोडा. फ्लशिंगचं रसायन नको.

ब्लॉक हीटर (इंजिनात बसवलेला, घरच्या विजेवर चालणारा हीटर) टायमरवर निघण्याआधी दोन-तीन तास लावा. तो कूलंट तापवतो, ऑइल नाही. संपला चिकटवायचा हीटिंग पॅड वेगळा मिळतो. आठवड्यातून एकदा सलग ४० मिनिटं हायवे. तुमच्या वापराला ऑइल ५,००० किमीला किंवा हिवाळ्याच्या आधी आणि नंतर, यातलं जे आधी येईल ते.

वंगणवेडा

एवढं करूनही महिन्याभरात पातळी चढली तर गळका इंजेक्टर आणि कॅमशाफ्टवर चालणाऱ्या हाय-प्रेशर पंपाचं सील बघायचं. ३,००० किमीला नमुना लॅबला द्या: गरम इंजिन, ड्रेनची पहिली धार सोडून मधली, १०० मिली, कोरडी बाटली. पेट्रोलचं प्रमाण गॅस क्रोमॅटोग्राफीने काढा असं फॉर्मवर लिहा. फ्लॅश पॉइंटवरून (ऑइलची वाफ पेट घेते त्या तापमानावरून) काढलेला आकडा अंदाजी असतो.