जुना फायबरग्लास फ्लाय रॉड: ओळख आणि दुरुस्ती

प्रश्न: दोन तुकड्यांचा, साडेसात फुटी फ्लाय रॉड (माशीसारखं हलकं आमिष फेकायची मासेमारीची काठी). नाव पुसलंय, मुठीजवळ फक्त ‘एचडीएच’ दिसतं. गाइडचे (लाइन ज्यातून जाते त्या कड्यांचे) बांधलेले दोरे सुटलेत. लाइन (मासेमारीची दोरी) कोणती लावू?

उत्तर १: एचडीएच ही लाइनची जुनी अक्षरी खूण, म्हणजे आजची डबल टेपर (दोन्ही टोकांना निमुळती) ६ नंबर. अक्षरांऐवजी आकड्यांची पद्धत १९६१ची, म्हणजे रॉड बहुधा त्याच सुमाराचा किंवा आधीचा.

उत्तर २: जुना दोरा कापताना ब्लेड गाइडच्या पायावरच चालवा. ब्लँकवर (रॉडच्या मूळ काठीवर) ओरखडा गेला की रॉड नेमका तिथेच मोडतो! नवा दोरा ए साइजचा (बारीक) नायलॉन, वर इपॉक्सीचे (घट्ट होणाऱ्या लेपाचे) दोन पातळ हात. घट्ट होईपर्यंत रॉड फिरवत राहा, नाहीतर खाली थेंब लोंबतात.

उत्तर ३: धातूचा सांधा अडकला तर पिळू नका, सरळ ओढा.