मदत हवी आहे: ट्रान्सप्लांटनंतर गावाकडं पिक लाइनचं (दंडातल्या शिरेत घातलेल्या औषधाच्या नळीचं) ड्रेसिंग कोण करतं?

नमस्कार मंडळी. आम्ही सेलूजवळचे. धाकट्या भावाचं पुण्यात बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं, पेशी माझ्या. ११० दिवस झाले, परवाच गावी आलो.

तिथल्या वॉर्डात एक सिस्टर होत्या. आईला वाचता येत नाही, म्हणून त्यांनी गोळ्यांच्या वहीत सकाळच्या डोसपुढं सूर्य आणि रात्रीच्या पुढं चांद काढून दिला. भावाला आधी विचारायच्या, "आज काय नको वाटतंय?" आणि मग आईला, "माय, तुम्ही जेवलात का?" ते विचारणारं इथं कुणीच नाही. आई रात्री चारदा उठून थर्मामीटर लावते. १००.४ च्या वर ताप गेला तर वाट न बघता दवाखाना गाठा, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय.

दंडातली पिक लाइन अजून आहे. दर आठवड्याला ड्रेसिंग आणि फ्लश (सलाइननं नळी धुणं) लागतं. तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो तर हातमोजे न घालताच नळीला हात लावायला निघाले; मी भावाला उठवून आणलं.

परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरला पिक लाइन हाताळणारी अनुभवी नर्स कुणाला माहितीय का? टॅक्रोलिमसची (माझ्या पेशी त्याच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून घ्यायची गोळी) रक्तातली पातळी कुठं तपासतात? नमुना सकाळच्या गोळीआधीच द्यावा लागतो, म्हणून जवळचं सांगा. रक्त लागलंच तर इरॅडिएटेड (किरणांची प्रक्रिया केलेलं) कुठं मिळेल?

आणि भेटायला येणाऱ्या पाव्हण्यांना न दुखवता उंबऱ्यावर कसं थांबवता? काल मामा खोकत आत आले.