शेजारच्या कॉलेजचे आकडे खोटे निघाले तेव्हा : तुमचे अनुभव

मंडळी, ३० जानेवारी २०१२ रोजी कॅलिफोर्नियातल्या क्लेरमाँट मकेना कॉलेजने स्वतःच जाहीर केलं, की प्रवेश विभागातला एक वरिष्ठ अधिकारी २००५ पासून नव्या विद्यार्थ्यांचे सॅट या प्रवेश परीक्षेचे गुण फुगवून बाहेर कळवत होता. अमेरिकी कॉलेजांची दर वर्षी क्रमवारी लावणाऱ्या यूएस न्यूजच्या लिबरल आर्ट्स (मुख्यतः पदवीपर्यंत शिकवणाऱ्या) कॉलेजांच्या यादीत हे कॉलेज तेव्हा नववं होतं. बातमी एका कॉलेजची, पण त्याला लागून पदवीची आणखी चार कॉलेजं आहेत : पोमोना, स्क्रिप्स, हार्वी मड आणि पित्झर. सगळी मिळून जेमतेम चौरस मैलाचा परिसर. त्याच वर्षी पुढे एमरी आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठांची अशीच प्रकरणं निघाली, २०२२ मध्ये कोलंबियाचं. अशा वेळी शेजारी कसे वागले? तिथे शिकलेल्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी मोकळेपणाने लिहावं.

स्क्रिप्स

मामेबहिणीने न्यूयॉर्क टाइम्समधली बातमी अख्ख्या घराला ईमेल केली आणि दादरहून मावशीचा फोन आला. "अगं, तुझंच कॉलेज ना ते?" म्हटलं, नाही मावशी, आमच्या बाजूचं. "मग एकच की!"

मावशीचं तसं चुकलं नव्हतं. होनॉल्ड-मड लायब्ररी पाचही कॉलेजांची एकच. जेवायला कुणाच्याही मेसमध्ये जायचं, वर्गही एकमेकांकडे घेता येतात. खेळात तर स्क्रिप्स, हार्वी मड आणि क्लेरमाँट मकेना मिळून एकच संघ, सीएमएस. मुली अथीना, मुलगे स्टॅग्ज. समोर पोमोना आणि पित्झरचा जोडसंघ, सेजहेन्स. सिक्स्थ स्ट्रीटच्या अल्याड-पल्याडची ही चुरस फार जुनी आणि फार कडक.

मी पोहायचे. बातमीनंतर लवकरच सेजहेन्सशी शर्यत होती. आमच्या रिलेमध्ये क्लेरमाँट मकेनाची एक मुलगी होती. ती पाण्याबाहेर येताच प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "वेळ नक्की खरी आहे ना?" थोडे लोक हसले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तेवढ्यात पलीकडच्या लेनमधली, म्हणजे पोमोनाची मुलगी, काठाशी पोहत आली आणि त्या माणसाला मोठ्याने म्हणाली, "मी तिच्या शेजारी पोहत होते. खरी आहे." आणि पुढच्या शर्यतीत तिने आम्हाला हरवलं. मला ती मुलगी अजून आवडते.

पित्झर

वरच्या ताईंनी खेळाचं लिहिलं, मी प्रयोगशाळेचं लिहितो. पित्झर मैदानावर क्लेरमाँट मकेनाच्या विरुद्ध, पण विज्ञान विभाग त्या वेळी पित्झर, स्क्रिप्स आणि क्लेरमाँट मकेनाचा सामायिक होता. म्हणजे शनिवारी ज्याच्या नावाने बोंबलायचं, त्याच्याच शेजारी सोमवारी टायट्रेशन करत उभं राहायचं.

माझा जोडीदार क्लेरमाँट मकेनाचा. त्या आठवड्यात तो वहीतल्या नोंदी फारच जपून करायला लागला. ब्युरेटचं वाचन तीन-तीनदा बघायचा. एकदा आमचं उत्तर अपेक्षेपेक्षा बरंच लांब आलं. असं झालं की सगळेच एखादं वाचन "विसरतात". तो म्हणाला, नाही, आलं तेच लिहायचं. अहवालात तसंच लिहिलं आणि चूक कुठे झाली असेल त्यावर पानभर चर्चा केली.

राग कशाचा येतो सांगू? २०१० मध्ये दाखल झालेल्या तुकडीचा सॅटचा मध्यक खरा १४०० होता, कळवला १४१०. दहा गुण! १४०० हाच मुळात उत्तम आकडा. त्या दहा गुणांपायी बाराशेच्या आसपास मुलांवर संशय आला, आणि त्यांतल्या एकानेही काही केलेलं नव्हतं.

क्लेरमाँट मकेना

मूळचा नाशिकचा. त्या वसंतात इंटर्नशिपच्या मुलाखतीत मला माझं सॅटचं अधिकृत गुणपत्रक मागितलं गेलं. बरोबरच्या दुसऱ्या कुणालाही मागितलं नाही. मी दाखवलं. काम मिळालं, पण तो दिवस लक्षात राहिला.

शेजाऱ्यांकडून मला सांत्वन नको होतं. हार्वी मडचे मित्र नेहमीसारखे आमच्या गणितावरून चिडवत राहिले, पोमोनावाले आमची 'शेटजींचं कॉलेज' म्हणून टिंगल करत राहिले, आणि गुणांचा विषय कुणी काढला नाही. कशावरून चिडवायचं आणि कशावरून नाही, हे त्यांना न सांगता कळलं होतं. मला त्याचाच आधार वाटला.

जॉर्जटाउन, वॉशिंग्टन

आमचे शेजारी जॉर्ज वॉशिंग्टन. त्यांनी कळवलं होतं की ७८ टक्के नवे विद्यार्थी शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत होते. खरा आकडा ५८ निघाला. ज्यांच्या शाळा क्रमांकच देत नाहीत, त्यांचा क्रमांक अंदाजाने धरला होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये यूएस न्यूजने त्यांना यादीतून 'अक्रमांकित' केलं. आमच्याकडे दोन दिवस विनोद चालले. मग आमच्याच प्राध्यापकांनी वर्गात विचारलं, आपले आकडे कोण तपासतं? सगळे गप्प.

आकडेवारीच्या विभागात काम करणारी, मिडवेस्ट

त्या प्रश्नाचं उत्तर मी देते : बहुतेक वेळा बाहेरचं कुणीच नाही. कॉलेज स्वतः माहितीचा फॉर्म भरतं, क्रमवारीवाले तेच आकडे छापतात. खोट दर वेळी सरळ खोटा आकडा लिहूनच येते असं नाही. एमरीने प्रवेश घेतलेल्यांऐवजी प्रवेश मिळालेल्यांचे गुण दिले. प्रवेश मिळालेल्यांतले सर्वांत हुशार बऱ्याचदा दुसरीकडे जातात, म्हणून तो आकडा वर चढतो. २०१२ च्या सुमारास यूएस न्यूजच्या सूत्रात प्रवेश परीक्षेच्या गुणांचं वजन साडेसात टक्केच होतं. त्यामुळे दहा-वीस गुणांनी क्रमांक फारसा हलत नाही, हे आमच्या विभागातल्या कुणालाही माहीत असतं. तरी वरून दबाव येतो, कारण अध्यक्षांना दर वर्षी आकडा चढताच दाखवायचा असतो. पित्झरच्या दादांचा राग मला पुरता पटतो.

बार्नर्डमधल्या मुलीची आई, न्यू जर्सी

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्याच्या एका बाजूला कोलंबिया, दुसऱ्या बाजूला बार्नर्ड हे मुलींचं कॉलेज. बार्नर्डच्या मुलींना पदवी कोलंबिया विद्यापीठाची, यादीत मात्र दोघांची नावं वेगळी. २०२२ मध्ये कोलंबियाच्याच गणिताच्या एका प्राध्यापकांनी वर्गांच्या आकारापासून अनेक आकडे खोडून काढले आणि कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आली. एरवी बार्नर्डच्या मुलींना "तुम्ही खऱ्या कोलंबियाच्या नाही" असं ऐकवणारे काही असतात. त्या सप्टेंबरात माझ्या मुलीला परतफेड करायची आयती संधी होती. ती म्हणाली, "आई, माझे निम्मे मित्र तिकडचे आहेत, मी कुणाला काय बोलू?" पुढच्या वर्षी कोलंबियाने या यादीला माहिती देणंच थांबवलं, ते मला आवडलं.

धाकटी आता अर्ज भरते आहे. यादीवर विसंबायचं नाही, तर बघायचं काय? आकडेवारीवाल्या ताई, सांगाल का?

आकडेवारीच्या विभागात काम करणारी

नक्की. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'कॉमन डेटा सेट', म्हणजे ठरावीक नमुन्यात भरलेली कॉलेजची माहिती, शोधा. त्यात प्रत्यक्ष दाखल झालेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे आकडे कुठे आहेत ते बघा, आणि माहितीपुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहा. फरक दिसला तर प्रवेश विभागाला ईमेल करून कारण विचारा. उत्तर कसं येतं त्यावरूनही पुष्कळ कळतं. भेटीला जाल तेव्हा बाजूच्या कॉलेजच्या मुलांशीही बोला. ती तिथल्या वर्गांत बसतात आणि त्यांना काही विकायचं नसतं.