डोळ्यात पिवळा रंग घालून तपासणी: ती हिरवी रेघ कशाची?

शिवारवाट:
परवा उसाचे पाचट काढताना वडिलांच्या उजव्या डोळ्याला पातीची कड लागली. डॉक्टरांनी कागदाच्या बारीक पट्टीचे केशरी टोक सलाइनच्या थेंबाने ओले करून खालच्या पापणीच्या आत टेकवले, उघडझाप करायला सांगितली आणि निळ्या प्रकाशात पाहून बुबुळावर ओरखडा असल्याचे सांगितले. यंत्राला जोडलेल्या पडद्यावर ती चमकणारी हिरवी रेघ मलाही दिसली. घरी येऊन नाक शिंकरले तर रुमालावर पिवळा डाग! तेव्हापासून ‘रंग घालून डोळा बिघडवला’ असे वडिलांचे पालुपद सुरू आहे. उद्या पुन्हा हीच तपासणी आहे आणि ते यायला तयार नाहीत. या रंगाने खरोखर अपाय होतो का, आणि तो दुसऱ्यांदा घालण्याची गरज काय?

नेत्रसहायक:
मी नेत्रविभागात तपासणीचेच काम करतो. या रंगाचे नाव फ्लुओरेसिन. तो 1871 साली अडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रथम तयार केला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, पेशींचे पातळ आवरण असते. त्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की पाण्यात विरघळणारा हा रंग धड आवरणातून आत शिरत नाही आणि अश्रूंबरोबर वाहून जातो. पण जिथे आवरण खरवडले गेले असेल, तिथे तो खालच्या थरात मुरतो आणि निळा प्रकाश पडताच हिरवा चमकतो. म्हणजे रेघ रंगाने उमटलेली नाही, पातीने उमटवली आहे. रंगाने ती फक्त दाखवली.

नाकातल्या पिवळेपणाची काळजी नको. डोळ्याच्या कोपऱ्यातून अश्रू नलिकेवाटे नाकातच उतरतात (रडताना नाक वाहते ते याच वाटेने). क्वचित कुणाला ॲलर्जी होते. एरवी थोडी चुरचुर होते आणि रंग काही वेळात निघून जातो.

रेघेची ठेवणही बोलकी असते. बुबुळावर वरून खाली बारीक समांतर रेघा दिसल्या, तर वरची पापणी उलटून पाहावी लागते, कारण तिथे अडकलेले कुसळ प्रत्येक उघडझापेला ओरखडत असते. फांद्यांसारखी आकृती दिसली, तर नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा संशय येतो.

पाटकरी:
माझा अनुभव वडिलांना अवश्य वाचून दाखवा. मलाही उसाचीच पात लागली होती. दुखणे कमी झाले म्हणून मी फेरतपासणीला गेलो नाही आणि लाली राहिली म्हणून औषधाच्या दुकानातून मनानेच थेंब आणले. त्यात स्टिरॉइड होते, हे मागाहून कळले. दोन आठवड्यांनी बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागला, तो बुरशीचा निघाला. औषध महिनोन्‌महिने चालले आणि डोळ्यात फूल पडले ते पडलेच.

शिवारवाट:
वाचून दाखवले, ते गप्प झाले आहेत. पण आता दुखत नाही म्हणतात, मग उद्या हिरवे काही दिसले नाही तर काम संपले, असे समजावे का?

नेत्रसहायक:
साधा ओरखडा बहुधा दोन-तीन दिवसांत भरतो आणि उद्या रंग धरला नाही, तर आवरण सांधले असे म्हणता येईल. मात्र पाल्याची किंवा भुशाची जखम असेल, तर बुरशी आठवड्या-दोन आठवड्यांनीही डोके वर काढते; म्हणून डॉक्टर पुढची तारीख देतील तीही पाळावी. दुखणे, लाली किंवा धूसरपणा वाढला, तर तारखेची वाट न पाहता जावे. तपासणीच्या वेळी घातलेले बधिरतेचे थेंब बरे वाटतात म्हणून घरी मागून नेणारे भेटतात. ते नेऊ नयेत, त्यांनी जखम भरणे लांबते. वडील मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरत नसावेत, पण कुणी वापरत असेल तर ती काढून ठेवावी, कारण ती पिवळी पडते. आणि उद्या त्यांच्या खिशात गडद रंगाचा रुमाल ठेवा.