'इंप्रिंट'ला काय म्हणावं? ठसा, छाप की आणखी काही?

बर्डीकर
मंडळी, एका वाक्यावर गाडी अडली आहे. पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी सिम्युलेशनच्या, म्हणजे वस्तू कशी वागेल ते कॉम्प्युटरवर करून बघायच्या, टिपणांचं मराठी करतोय. मूळ मजकूर असा, की दोन भाग एकमेकांना टेकत असतील तर सॉफ्टवेअर त्या टेकणाऱ्या पृष्ठभागांवर आपोआप 'इंप्रिंट' करतं. मी 'ठसा उमटवतं' लिहिलं. तपासणारे सर म्हणतात, ठसा म्हटला की खड्डा आला, आणि इथं तर काहीच दबत नाही. माझं म्हणणं, ठसा मनावरही उमटतो, तिथं कोणता खड्डा पडतो? तुम्ही सांगा.

ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी उदाहरण देतो. रस्त्यावरचा एलईडी दिवा घ्या. २०० मिमी चौरस ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्या मधोमध एलईडीचा ४० मिमी चौरस बोर्ड बसवलेला. कॉम्प्युटरला प्लेटची वरची बाजू एकच अखंड फेस, म्हणजे एकच पृष्ठभाग, दिसते. इंप्रिंट केलं की बोर्डाच्या चारही कडा प्लेटवर येतात आणि एकाच्या दोन फेस होतात. एक बोर्डाखालचा चौकोन, दुसरी उरलेली प्लेट.

हिंगणा रोड
सर बरोबर आहेत. पोरांना 'ठसा' सांगाल तर ती प्लेटमध्ये बोर्डाच्या आकाराची खाच शोधत बसतील. आमच्याकडे नवीन आलेल्या एकाने खरंच विचारलं होतं, की इंप्रिंट केल्यावर प्लेटचं वजन कमी होतं का? नाही होत. आकार, घनफळ, वजन, सगळं जागच्या जागी. बदलतात त्या फक्त सीमारेषा.

आणि हा खटाटोप कशाला, तेही टिपणात लिहा. नंतर जाळी पाडायची असते, म्हणजे हिशेबासाठी प्रत्येक भागाचे बारीक तुकडे करायचे; तुकड्यांचे कोपरे म्हणजे जाळीच्या गाठी. चौकोन दोन्हीकडे तंतोतंत सारखा असला, तरच बोर्डाकडच्या जाळीच्या गाठी प्लेटकडच्या गाठींवर बरोबर येतात आणि उष्णता इकडून तिकडे सरळ जाते. नाहीतर दोन्हीकडच्या जाळ्या वेगवेगळ्या, मग मधली तापमानं अंदाजाने जुळवावी लागतात. तसंही उत्तर येतं, पण नेमक्या सांध्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही.

शुद्धमती
'मुद्रांकन' घ्या. नेमका, भारदस्त आणि संस्कृतातून आलेला. शिवाय मुद्रांकित, मुद्रांकनीय असे पुढचे शब्दही सहज होतात. 'छाप' आणि 'ठप्पा' हिंदी चित्रपटांतले वाटतात.

तर्रीवाला
मुद्रांकन केलं की प्लेटला मुद्रांक शुल्क किती बसेल हो ताई? शंभराच्या स्टॅम्पवर भागेल का?

शुद्धमती
थट्टा सोपी असते. पारिभाषिक शब्दांचे कोश करणारे डॉ. रघुवीर लाहोर सोडून याच नागपुरात आले, मध्यप्रांत-वऱ्हाडातून संविधान सभेवर गेले. एका धातूला उपसर्ग-प्रत्यय लावून शब्दांचं अख्खं कुटुंब उभं करायची त्यांची पद्धत होती. लोक तेव्हाही हसलेच. पण आज सरकारी कागदावर जे वाचता, त्यातलं किती त्या वाटेनं आलं ते बघा.

तर्रीवाला
बघितलं. म्हणूनच सातबाऱ्यापलीकडचा कागद आला की मी वकील करतो.

आणि 'छाप'ला चित्रपटांतला म्हणू नका. इंग्रजांनी तो इथूनच उचलला. शिक्क्याला 'चॉप' म्हणत ते पार चीनच्या बंदरांपर्यंत घेऊन गेले. छापखाना, छापील किंमत, नाण्याचा छापा, हे सगळं मराठीच आहे.

मोतीबागवाले काका
मी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो. सॉफ्टवेअर आपल्याला कळत नाही. पण दोन पृष्ठभाग कुठं टेकतात हे पाहायचं काम जन्मभर केलं, म्हणून बोलतो.

सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट केलेल्या पाटाला, प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, जॉब, म्हणजे घडवायचा भाग, त्यावर ठेवून हलकेच घासायचा आणि उलटा करून पाहायचा. जिथं टेकला तिथं निळं लागलेलं दिसतं. त्याला आम्ही 'ब्लू उठला' म्हणत होतो. उठला तेवढा भाग स्क्रेपरनं खरवडायचा, पुन्हा ब्लू लावायचा. डाग सगळीकडे सारखे उठेपर्यंत हेच चालायचं. उमटला, ठसला असं कोणी म्हणत नव्हतं बाप्पा. म्हणून माझा शब्द 'उठवणे'. टेकल्या जागी कड उठवायची.

हिंगणा रोड
काका, वाचून मजा आली. फक्त एक फरक सांगतो. तुमचा ब्लू खरं बोलतो, म्हणजे जिथं उंचवटा तिथंच लागतो. आमचं सॉफ्टवेअर ड्रॉइंगवर विश्वास ठेवतं. दोन्ही फेस अगदी सपाट आहेत असं धरून सगळा ४० मिमीचा चौकोन टेकलेला मानतं. प्रत्यक्षात मधे हवेच्या फटी राहतात, म्हणून तर त्या भरायला, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट लावतात. सांध्यात उष्णतेला होणारा तो अडथळा सॉफ्टवेअरमध्ये वेगळा भरावा लागतो, इंप्रिंटमधून येत नाही.

मोतीबागवाले काका
म्हणजे तुमच्या मशीनला ब्लू न लावताच ब्लू दिसतो. चांगलं आहे!

धंतोलीची लेक
'उठवणे' वाचून पहिल्यांदा झोपेतून उठवणे आठवलं. पण वळ उठतो, अंगावर पित्त उठतं, पुळी उठते, म्हणजे अर्थ आहे खरा. तरी प्रत्येक वेळी काहीतरी वर येतं, फुगतं. सरांना खड्डा नको होता, तुम्ही टेंगूळ दिलं.

माझं मत 'उतरवणे'. आई कार्बन पेपरवरून रुमालावर वेलबुट्टी उतरवून घ्यायची. एकीकडची रेघ दुसरीकडे जशीच्या तशी, खोली नाही, उंची नाही. 'बोर्डाच्या कडा प्लेटवर उतरवल्या जातात.' झालं.

बर्डीकर
'उतरवणे' आवडलं. पण 'आपोआप'चं काय करू? सर म्हणतात, 'स्वयंचलितपणे' हवं.

शुद्धमती
सरांचं बरोबर आहे. आपोआप म्हणजे कोणी काही न करता. फळ आपोआप पडतं. इथं प्रणाली कृती करते आहे.

तर्रीवाला
स्वयंचलित तर दरवाजा असतो. आणि 'आपोआप' कळत नाही असा एक माणूस अख्ख्या महाल भागात शोधून दाखवा.

हिंगणा रोड
त्यापेक्षा 'टेकलेले' जपा, तिथं खरा घोळ होईल. कोणीतरी तिथं 'चिकटलेले' करील आणि विषय वाहून जाईल. क्युबिट या जाळी पाडायच्या सॉफ्टवेअरमध्ये इंप्रिंट आणि मर्ज या दोन वेगळ्या कमांड आहेत. पहिलीने कडा येतात, दुसरीने दोन एकसारख्या फेसची मिळून एक सामाईक फेस होते. मर्ज केलं की भाग एकजीव झाले, मग ते एकमेकांवर घसरू शकत नाहीत. कॉमसॉल या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फॉर्म युनियन' घेतलं की सामाईक फेस होऊनच मिळते, 'फॉर्म असेंब्ली' घेतलं तर भाग सुटे राहतात. ब्रेकचं पॅड आणि डिस्क करताना एकजीव करून टाकाल तर गाडीच हलायची नाही. म्हणून टेकलेले वेगळे, चिकटलेले वेगळे.

शुद्धमती
'संस्पर्शी' म्हणा, घोळच उरणार नाही.

धंतोलीची लेक
वाचणाराही उरणार नाही.

तर्रीवाला
आपल्याकडे 'खेटून' म्हणतात. खेटून उभा आहे, पण चिकटलेला नाही. बर्डीच्या बाजारात संध्याकाळी येऊन पाहा.

मोतीबागवाले काका
'उतरवणे'ला माझा विरोध आहे. उतरवणे म्हणजे खाली घेणे. सामान उतरवतात, दृष्ट उतरवतात. पोरगं बोर्ड उचलून खाली ठेवील.

धंतोलीची लेक
काका, नक्कल उतरवतात, फोटोही उतरवतात. तिथं कोण खाली पडतं?

बर्डीकर
ते चालू द्या, तोवर पुढच्या वाक्याचं सांगा. 'टॉलरन्स'ला काय लिहू? सरांनी समासात 'सहिष्णुता' लिहिलं आहे.

हिंगणा रोड
अरे देवा. फट किती असली तरी टेकलेलं मानायचं, तो आकडा आहे तो. कमी ठेवला तर ०.०५ मिमी फट असलेले भाग सुटे समजले जातात. जास्त ठेवला तर बारीक कडा एकमेकींत विरघळतात. सहिष्णुता नको, 'चालणारी फट' लिहा.

शुद्धमती
'सह्यता' आहे की.

मोतीबागवाले काका
आम्ही सुतात बोलायचो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

हिंगणा रोड
काका, एक सूत म्हणजे ३ मिमीच्या वर गेलं. तेवढं ठेवलं तर बोर्डाची जाडीच गिळेल ते.